शाळेचा पट आणि शाळेचा निकाल

मंडळी, आता तुम्हांला अक्षर लागते. आकडे लागतात. एस.टी.ची पाटी वाचता येते, दुकानदाराने दिलेली चिठ्ठी वाचता येते. आता एकदा गावच्या शाळेत चला. मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर एक काळा फलक असतो. त्यावर पांढऱ्या रंगाने रकाने आखलेले असतात. इयत्ता, मुलगे, मुली, एकूण, आज हजर. कुठे कुठे शेजारी दुसराही फलक असतो. त्यावर निकालाचा टक्का मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो.

आपण पाहुण्यासारखे जातो, चहा घेतो आणि येतो. फलकाकडे कुणी पाहत नाही. तो साहेबांसाठी आहे, असे आपल्याला वाटते. तसे नाही. त्या आकड्यांत आपलीच लेकरे आहेत. म्हणून या धड्यात ते फलक कसे वाचायचे ते पाहू.

आपण बोलणार आहोत ते मोठ्या वर्गांविषयी. सहावी, सातवी आणि आठवी यांना सरकारी भाषेत उच्च प्राथमिक म्हणतात. पूर्वी आपल्याकडे पाचवी ते सातवी असे धरत. सातवीला फायनल म्हणत, आणि फायनल झालेला माणूस गावात शिकलेला समजला जाई. वर्गांची नावे बदलली, पण वय तेच आहे. अकरा ते चौदा. याच वयात पोरे शाळेतून गळतात. लहान मूल घरी ठेवून काही उपयोग नसतो, म्हणून त्याला शाळेत धाडतात. अकरा वर्षांचे लेकरू मात्र कामाला येते. गुरे वळते, धाकट्याला सांभाळते, भाकरी करते.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. शाळेच्या पुस्तकात ज्यांची नावे आहेत, त्या सगळ्यांची संख्या म्हणजे पट. त्यांतली आज जितकी आली, ती हजेरी. पट आणि हजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नाच्या पत्रिका शंभर वाटल्या म्हणून पंगतीला शंभर पाने उठतात असे नाही. तसेच हे.

आता निकालाकडे येऊ. टक्का म्हणजे शेकडा. शंभरांतले किती, एवढाच त्याचा अर्थ. समजा, एका गावच्या शाळेत आठवीच्या परीक्षेला २५ मुले बसली. २४ पास झाली. मग २४ ला १०० ने गुणायचे आणि २५ ने भागायचे. उत्तर येते ९६. फलकावर लिहितात, निकाल ९६ टक्के. गावाला आनंद होतो. व्हायलाच हवा.

पण शेतकरी असा हिशेब करत नाही. कपाशी लावली तर तो नुसती उभी झाडे मोजून थांबत नाही. सरकी किती टोकली, त्यांतली किती उगवली, तेही बघतो. जिथे उगवले नाही तिथे नांग्या पडल्या म्हणतो, आणि वेळ असेल तोवर नांग्या भरतो. शाळेतही तेच करायचे. आठवीला किती बसली हे विचारायच्या आधी, हीच मुले पाचवीत होती तेव्हा किती होती, हे विचारायचे.

समजा, त्याच शाळेत तीन वर्षांपूर्वी पाचवीत ४० मुले होती. २२ मुलगे आणि १८ मुली. आठवीच्या परीक्षेला बसली २५. म्हणजे मधल्या वाटेत १५ कमी झाली. ती कुठे गेली?

याचे उत्तर शाळेतच आहे. दाखल-खारीज नावाचे एक जाड रजिस्टर असते. कोण कधी आले आणि कोण कधी गेले, ते त्यात लिहितात. ते बघितले, आणि थोडी गावात चौकशी केली, तर असे दिसेल. पाच मुलांनी शाळा सोडल्याचा दाखला नेला आणि तालुक्याच्या शाळेत नाव घातले. चार मुलगे आणि एक मुलगी. ती शिकत आहेत. त्यांची काळजी नाही. पण उरलेली दहा कुठेच नाहीत. दाखला नेला नाही, दुसरी शाळा नाही. या दहांत तीन मुलगे आणि सात मुली आहेत.

आता पुन्हा निकाल काढा. पाचवीत ४० होती. बाहेर गेलेली ५ वजा केली, तर ३५ राहिली. या ३५ पैकी २४ पास झाली. उत्तर येते ६९ च्या आसपास. फलकावरचे ९६ खोटे नाहीत. गुरुजींनी लबाडी केलेली नाही. पण ९६ हा टिकलेल्यांचा निकाल आहे, आणि ६९ हा गावाचा निकाल आहे.

मुलामुलींचा वेगळा हिशेब केला तर आणखी दिसते. २२ मुलग्यांपैकी ३ गळाले. १८ मुलींपैकी ७ गळाल्या. म्हणून तर फलकावर मुलगे आणि मुली असे दोन रकाने असतात. नुसते एकूण वाचले की मुलींचे दुखणे एकूणात बुडून जाते.

ही समजा म्हणून घेतलेली संख्या झाली. आता खरी परिस्थिती पाहू. बीड जिल्हा आणि त्याच्या शेजारचा मुलूख ऊसतोडीचा म्हणून सगळ्यांना माहीत आहे. तिकडे पाऊस थोडा. खरीप हाती आले की पुढे काम नाही. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरतात आणि माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. परत येतात ती मार्च-एप्रिलात, कधी त्याहून उशिरा.

आता शाळेचे वर्ष आठवा. शाळा जूनच्या मध्याला उघडते. वार्षिक परीक्षा एप्रिलात. म्हणजे तोडणीला गेलेल्या घरचे पोर जून ते ऑक्टोबर शाळेत असते आणि पुढे पाच-सहा महिने उसाच्या फडात असते. तिकडे ते कोपीत राहते, पाणी भरते, वाढे गोळा करते, धाकट्या भावंडाला खेळवते. परीक्षेला येते तेव्हा अर्धे पुस्तक त्याने पाहिलेलेच नसते.

आणि इथे आकड्यांची एक गंमत आहे. गंमत कसली, दुःखच ते. शाळेला शिक्षक किती द्यायचे, हे पटावरून ठरते. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक, असा कायद्याचा दंडक आहे. त्यासाठी कोणत्या दिवसाचा पट धरायचा? आपल्याकडे वर्षानुवर्षे ३० सप्टेंबरचा पट धरण्याची रीत आहे. ३० सप्टेंबरला ऊसतोडीची पोरे गावातच असतात! कागदावर वर्ग भरलेला दिसतो. पुढे महिन्या-दीड महिन्यात वर्ग रिकामा होतो. समजा, पट ३० चा आहे आणि जानेवारीत बाकांवर १७ पोरे बसली आहेत. कागद म्हणतो ३०, बाक म्हणतात १७. आम्हांला विचाराल, तर आम्ही बाकांवर विश्वास ठेवू.

यात शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. पण त्याचीही अडचण समजून घ्या. त्याने गेलेल्या मुलांची नावे काढून टाकली तर पट घसरतो, आणि पट घसरला की शिक्षकाची जागा जाते. मग राहिलेल्या मुलांचेही नुकसान. शिवाय एप्रिलात ते लेकरू परत आले तर त्याचे नाव हवेच ना? म्हणून नाव ठेवणे बरोबर आहे. पण नाव ठेवून लेकराला विसरणे बरोबर नाही. सन २०११ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने एकाच वेळी सगळ्या शाळांची पटपडताळणी केली होती. म्हणजे पुस्तकातली नावे आणि समोरची पोरे ताडून पाहिली. पुष्कळ नावे नुसती कागदावर होती, असे तेव्हा उघड झाले. त्यांत खोटी नावेही होती. पण पोटासाठी बाहेर गेलेले लेकरू आणि खोटे नाव यांत फरक आहे. तो फरक साहेबाला कळत नसेल, पण गावाला कळतो.

ऊसतोडीच्या गावांत दर वर्षी शाळेच्या दारात एक बोलणे होते. ते थोडेफार असे असते.

"बाई, पोरीला घेऊन चाललोत आम्ही. धाकटा दोन वर्साचा हाय. त्याला फडात कोन बघनार?"

"ताई, सातवीत आहे ती. हुशार आहे. तिच्या आजी घरी आहेत ना?"

"म्हातारी हाय, पन तिलाच दिसत न्हाई. पोरीला खायला कोन घालंल? आन् जमाना कसा हाय, तुमास्नी ठावं हाय."

बाईंना यावर उत्तर सुचत नाही, कारण आईचे म्हणणे खोटे नसते. पोर शिकू नये असे तिला वाटत नाही. तिला दोन गोष्टींची भीती असते. पोरीच्या पोटाची आणि पोरीच्या अब्रूची. नुसते "शिकवा, शिकवा" म्हणून या दोन भीती जात नाहीत.

यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पोरे गावातच राहतात, आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे, आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण त्यांना वसतिगृहातून मिळते. दुपारचे जेवण शाळेत असतेच. ही योजना शाळेच्या समितीमार्फत चालते. जिथे समिती जागी आहे तिथे दिवाळीच्या आधी नावांची यादी होते. जिथे समिती झोपली आहे तिथे यादी होईपर्यंत गाड्या निघून गेलेल्या असतात. आणि लेकरू बरोबर न्यायचेच असेल, तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. त्या कार्डावर लेकराचे शिक्षण कुठवर झाले ते लिहितात. कारखान्याच्या जवळच्या शाळेत ते दाखवता येते. कार्ड नसले, दाखला नसला, तरी शाळेने लेकराला परत पाठवायचे नाही. हा कायदा आहे. २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. बाहेरगावाहून पोटासाठी आलेल्यांच्या मुलांना शाळेत घेणे, हे तिथल्या स्थानिक संस्थेचे काम आहे, असेही त्यात लिहिले आहे.

मुलींचे थोडे अधिक सांगितले पाहिजे. देशभर घरोघर जाऊन कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी होते. २०१९ ते २१ या काळातल्या पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायांना विचारले, तुमचे लग्न कितव्या वर्षी झाले? महाराष्ट्रात शंभरांतल्या सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते. बीड जिल्ह्यात ही संख्या शंभरांत ४० च्या वर होती. अठराच्या आत मुलीचे लग्न करणे हा गुन्हा आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. तरी असे का होते? कोयत्याला जोडी लागते. मुलाचे लग्न झाले की नवा कोयता तयार होतो आणि नवी उचल मिळते. इकडे मुलीच्या आईबापांना सहा महिने पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवावी हे कळत नाही. दोन्हीकडची अडचण एका मांडवात येते. आपण सातवी-आठवीच्या रकान्यात मुलींचा आकडा घसरलेला पाहतो, त्याच्या मागे हे असते.

शाळा लांब असली तरी मुलीच आधी गळतात. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. तीन किलोमीटर मुलगा सायकलवर जातो. मुलीला घरचे एकटे पाठवत नाहीत. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेला जाण्यासाठी एस.टी.चा पास मोफत मिळतो. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे. पण गाडीच शाळेच्या वेळेला येत नसेल, तर पास पेटीत राहतो. तेव्हा नुसता पास मागून भागत नाही, गाडीची वेळही मागावी लागते.

आता शिकणे किती होते, ते पाहू. पास आणि शिकला हे एकच आहे का? २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत कुणाला नापास करायचे नाही असे ठरले होते. हेतू चांगला होता. नापासाच्या लाजेने पोर शाळा सोडते, ते सोडू नये. पण त्या वर्षांत "आमच्या शाळेत सगळे पास" या बोलण्याला अर्थ उरला नाही. २०१९ मध्ये कायदा बदलला, आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षेचा निकाल धरू लागले. नापास झाला तर आधी फेरपरीक्षा द्यायची.

प्रथम नावाची एक संस्था आहे. ती २००५ पासून खेड्यापाड्यांत असर नावाची पाहणी करते. तिची एक गोष्ट आम्हांला फार पटते. हे लोक शाळेत जात नाहीत, घरी जातात. कारण शाळेत गेले तर हजर असलेलीच पोरे भेटतील. घरी गेले म्हणजे शाळेत न जाणारेही भेटते. मुलाला दुसरीच्या पुस्तकासारखा लहानसा उतारा वाचायला देतात आणि एक भागाकार सांगतात. २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागात आठवीतल्या शंभर मुलांपैकी सुमारे ७० मुलांना तो दुसरीचा उतारा वाचता आला. तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागणे सुमारे ४५ जणांनाच जमले. आठवीतली मुले आहेत ही, लहान नव्हेत. ती पाहणी तुम्ही तुमच्या घरीही करू शकता. आता तुम्हांला वाचता येते. पोराला त्याच्याच जुन्या दुसरीच्या पुस्तकातले पान वाचायला सांगा. अडखळला तर रागावू नका. कुठे अडखळला ते बाईंना सांगा.

पुष्कळ जण म्हणतात, तालुक्याच्या इंग्रजी शाळेचा निकाल बघा आणि आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा बघा. अशी तुलना करण्याआधी जमीन पाहावी. काळ्या जमिनीतली ज्वारी आणि माळावरची ज्वारी एका मापाने कुणी मोजत नाही. मघाचा हिशेब आठवा. दाखला नेऊन गेली ती पाच पोरे कोणती होती? ज्यांच्या घरी गाडीभाड्याला पैसा होता ती. राहिली ती कोण? मजुराची, मेंढपाळाची, घरात पहिल्यांदाच पाटी आली त्या घरची. अशा मुलाला घरी कुणी अभ्यास सांगत नाही. त्याला शाळेने चार अक्षरे शिकवली, तर ती शाळेनेच शिकवली. शिकवणीवाल्याने नव्हे. अशा वर्गात ६० टक्के मुले चांगले वाचत असतील, तर त्या मास्तरांना आम्ही मान देऊ. पण जमीन हलकी आहे म्हणून पेरायचेच नाही, असेही कुणी म्हणू नये.

पटाच्या कागदावर जातीचे रकानेही असतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास. काहींना हे आवडत नाही. ते म्हणतात, शाळेत जात कशाला? त्याचे कारण जुने आहे. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटरसाहेबांचे मंडळ नेमले. त्याच्यापुढे जोतीराव फुले यांनी आपले म्हणणे लिहून दिले. सरकारचा सारा भरतो शेतकरी, आणि शाळा-कॉलेजांवरचा पैसा खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांवर, अशी त्यांची तक्रार होती. बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. म्हणजे कोण शाळेत आहे आणि कोण नाही, हे त्यांनी मोजून दाखवले. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. रकाना नसता तर एखाद्या वस्तीवरचे एकही पोर आठवीत नाही, हे कागदावर दिसलेच नसते. तो रकाना माणसे वेगळी बसवण्यासाठी नाही. कुणाचे पान वाढायचे राहिले, ते पाहण्यासाठी आहे.

हे सगळे विचारायचे कुठे? शाळा व्यवस्थापन समितीत. तिच्या सभासदांत शंभरांतले ७५ पालक असले पाहिजेत, आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत. पुष्कळ गावांत समितीच्या बाया फक्त सहीपुरत्या येतात. आता तुम्ही सही करता, अंगठा नाही. सहीच्या वर काय लिहिले आहे ते आधी वाचा. पुढच्या सभेला जाताना एक वही न्या. पाचवीचा तीन वर्षांपूर्वीचा पट विचारा. आजचा आठवीचा पट विचारा. त्यांतली नावे, नुसते आकडे नव्हेत, वाचायला सांगा. एखादे नाव ऐकले की सभेतच कुणीतरी म्हणेल, "अरे, ती तर आमच्या आळीची. ती काय शाळेत जात नाही आता."

वहीत करून पाहायचा हिशेब

एका शाळेत पाचवीत ५० मुले होती. २४ मुली आणि २६ मुलगे. तीन वर्षांनी आठवीच्या परीक्षेला ३० मुले बसली. त्यांत मुली १२. सगळी ३० पास झाली. मधल्या काळात १० मुले दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेली, त्यांत मुली ४.

फलकावर निकालाचा टक्का किती लिहितील? गावाचा निकाल किती? कुठेच न गेलेल्या मुली किती आणि मुलगे किती? उत्तरे आली की तोच हिशेब आपल्या गावच्या शाळेचे आकडे आणून मांडा.